तीन चटया आणि सोडलेला चहा

समई घासून झाली होती, दोन्ही निरांजनं झाली होती. घंटा, ताम्हण आणि पळी अजून काळीच होती. दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणून भामाबाई न्हाणीच्या उंबऱ्याशी पाट टाकून, चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. ताम्हणाला कोळ लावला आणि तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. पावलांच्या पाठोपाठ काहीतरी खरखरत वर येत होतं.

"हे ठेवू कुठं?" प्रतापरावांनी दारातूनच विचारलं. त्यांच्या खांद्यावर काथ्याच्या चटईची गुंडाळी होती, चांगली वीतभर जाड. डोक्यात काथ्या, मिशीत काथ्या.

"देवघर सोडून कुठंही ठेवा," भामाबाई म्हणाल्या.

त्यांनी ती गच्चीवर नेली. थोड्या वेळानं वरून धप्प असा आवाज आला, पाठोपाठ एक "अरे देवा" आलं, आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही. भामाबाई चिंचेचे हात तसेच घेऊन वर गेल्या. ताम्हण अर्धं पिवळं, अर्धं काळं राहिलं.

प्रतापराव बिरादार मनगट धरून टाकीला टेकून उभे होते. समोर दोरीवर जाड सतरंजी वाळत घातल्यासारखी टांगलेली, पायाशी काथ्याची चटई, चटईवर पांढरा चेंडू जागच्या जागी. जे काही हललं होतं ते प्रतापरावांच्या मनगटात हललं होतं.

हे सगळं कशासाठी, हे समजायचं तर आधी प्रतापराव समजले पाहिजेत.

उदगीरकडचं शेतकरी घराणं. थोरल्या दोघा भावांनी शेती धरली, धाकट्यानं हैदराबाद धरलं. एका पंपाच्या कारखान्यात खरेदी विभागात ते लागले आणि अठ्ठावीस वर्षांत खिळ्यापासून क्रेनपर्यंत सगळं त्यांनी विकत घेतलं. त्या विभागाचा नियम होता: तीन कोटेशनं आल्याशिवाय काही घ्यायचं नाही. तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायचे, आडव्या उभ्या रेघा मारून तुलनेचा तक्ता करायचा, आणि मग सही. हा नियम कारखान्याच्या फाटकाशी थांबायला हवा होता, पण तो प्रतापरावांबरोबर सिटी बसनं काचीगुड्याला घरी आला आणि घरातच राहिला. छत्री घ्यायची तर तीन दुकानं. दाढ दुखली तर तीन डॉक्टर, आणि तिसऱ्याकडे पोचेपर्यंत दाढ आपसूक पडलेली. भामाबाई स्वतःसुद्धा तिसरं कोटेशनच होत्या. पहिली मुलगी देगलूरची, दुसरी भालकीची. माझ्यात असं काय दिसलं, असं त्यांनी लग्नानंतर वर्षभरानं लाजत विचारलं, तेव्हा प्रतापराव विचार करून म्हणाले होते, "तुमच्याकडची मुदत सगळ्यात जवळची होती." भामाबाईंच्या वडिलांनी पंधरा दिवसांतला मुहूर्त काढला होता, एवढाच त्याचा अर्थ.

मग देशाचे दरवाजे उघडले आणि परदेशी माल येऊ लागला, पाठोपाठ परदेशी कंपन्या आल्या. पंपाच्या कारखान्यानंही एक परदेशी भागीदार घेतला. भागीदारानं एक गोरा इंजिनिअर दोन वर्षांसाठी पाठवला, एक संगणक पाठवला, आणि वय झालेल्यांनी राजीखुशीनं निवृत्ती घ्यावी अशी योजना पाठवली. सत्त्याण्णवच्या दसऱ्याला प्रतापराव घरी बसले. त्याच सुमाराला तो इंजिनिअरही परत गेला. त्याचं सामान बंदरातून सोडवायचे कागद प्रतापरावांनी केले होते, त्याची आठवण म्हणून तो जाताना आपली एक गोल्फची काठी आणि चार चेंडू देऊन गेला. काठी लोखंडी, टोकाला चपटी, वजनाला छान. भामाबाईंनी तिला कापड बांधलं आणि छताची जळमटं काढायला घेतली. घरात आलेली वस्तू पडून राहू नये, असं त्यांचं मत होतं.

त्या काठीनंच घात केला. मार्गशीर्षात लेकीचं, शिल्पाचं, स्थळ बघायला कर्नल जगदाळे आणि त्यांच्या पत्नी वंदनाताई आले. त्यांचा रितेश संगणकाच्या कंपनीत, शिल्पाही संगणकच शिकवणारी. दोघांची पसंती आधीच झालेली होती, आता फक्त थोरांनी एकमेकांना पसंत करायचं होतं. पाहुणे येणार म्हणून भामाबाईंनी काठीचं कापड सोडून ठेवलं होतं. कर्नलसाहेब उंच, पांढऱ्या मिशांचे, बोलणं मोजकं. पोहे खाताना ते सहज म्हणाले की आधीचं एक स्थळ जवळपास ठरलं होतं, पण मुलीच्या वडिलांनी तिचं शिक्षण वाढवून सांगितलेलं निघालं, म्हणून सोडून दिलं. हुंडा नको, मानपान नको, खोटं तेवढं चालत नाही. एवढं बोलून त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली.

"वा, गोल्फ खेळता?"

यावर "नाही, जळमटं काढतो," एवढं म्हणायचं होतं. पण निवृत्त होऊन दोन महिने झालेला माणूस. सकाळपासून कोणी काही विचारत नाही, आणि कुणी विचारलंच तर भाजी काय आणू एवढंच. प्रतापरावांनी मान डोलावली. "हो, थोडंफार."

"मग जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आमच्या छावणीच्या मैदानावर या. दोघं मिळून खेळू."

पाहुणे गेले. भामाबाईंनी कपबशा उचलल्या, विसळल्या, पालथ्या घातल्या. मग देवघरासमोर जाऊन त्या खंडोबाच्या टाकापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. नवऱ्याचं खोटं बायकोनं चारचौघांत उघडं करायचं नाही, आणि देवापुढं ते झाकायचंही नाही. मधली वाट एकच होती. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की आजपासून चहा सोडला. हे खोटं खरं होईपर्यंत, किंवा तुम्ही ते कबूल करीपर्यंत.

ज्यांना भामाबाई ठाऊक नाहीत त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. त्यांनी यापूर्वी मीठ सोडलं होतं, तांदूळ सोडला होता, एका चातुर्मासात तर वांगी सोडून बिरादारांच्या घरात हाहाकार उडवला होता. पण चहा म्हणजे भामाबाईंचा दिवस होता. पहाटे पूजेआधी एक, पूजेनंतर एक, दुपारी पोथी मिटल्यावर एक, दिवेलागणीला एक. आलं ठेचून घातलेला, दाट, पेल्यात ओतला की वर साय धरणारा. त्यांनी तो सोडला आणि पहिल्या आठवड्यात डोकं असं धरलं की पोथीतल्या ओळी एकमेकींत मिसळू लागल्या. प्रतापराव स्वतःचा चहा स्वतः करून, पाठ फिरवून पीत.

"पप्पा, फोन करून बोलून टाका ना," शिल्पा म्हणाली. "आईचं डोकं आणि माझं लग्न, दोन्ही परेशानीत आहे."

प्रतापराव म्हणाले, कबूल करायची वेळच येणार नाही. सहा आठवडे आहेत. सहा आठवड्यांत आपण क्रेन आणली होती, खेळ काय अवघड आहे. आबिड्सच्या रविवारच्या फुटपाथवरून त्यांनी गोल्फ शिकवणारं एक जुनं पुस्तक आणलं, अर्थात तीन विक्रेते पाहून. पुस्तकात लिहिलं होतं की घरी सराव करायचा तर पायाखाली योग्य चटई हवी. झालं. अठ्ठावीस वर्षांची सवय खडबडून जागी झाली. त्यांनी कोरा कागद घेतला, आणि खरेदीच्या अटी लिहून काढल्या: चेंडू उचलून धरील अशी असावी, मनगटाला धक्का देऊ नये, जागची सरकू नये, खाली घरमालकिणीच्या डोक्यावर आवाज जाऊ नये. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी अंघोळ आठच्या आत केली.

मघाची काथ्याची चटई हा पहिला नमुना, गौलीगुड्याचा. तिथला दुकानदार म्हातारा, दोरखंड आणि पायपुसण्यांच्या ढिगात बसलेला. त्याच्याशी झालेलं बोलणं प्रतापरावांनीच मनगटाला हळद लावून घेताना सांगितलं.

"साब, पाँव पोंछने का होना कि बैठने का?"

"मारने का."

"किसकू?" म्हाताऱ्यानं काळजीनं विचारलं.

चटईत खोट नव्हती. चेंडू तिच्या केसांवर छान उभा राहत होता. पण काथ्याच्या खाली गच्चीची फरशी होती, आणि काठी काथ्यातून आरपार जाऊन फरशीला भेटत होती.

दुसरा नमुना आबिड्सच्या खेळाच्या दुकानातला. हा खास याच कामाचा, परदेशी, खाली रबर आणि वर दाट हिरवं गवत. दुकानदारानं मागच्या बाजूला बिनचेंडूचे तीन फटके मारू दिले, आणि मनगटाला काही म्हणता काही जाणवलं नाही. प्रतापराव घरी येऊन त्या चटईबद्दल असे बोलले की भामाबाईंना वाटलं देगलूरच्या मुलीचीच आठवण काढतायत. त्यांनी रीतसर लेखी कोटेशन मागितलं; दुकानदारानं कंपनीचं नाव विचारलं, त्यांनी "घर" असं लिहायला लावलं. पण दाखवायला होती तेवढीच एक चटई होती, नवी यायला दोन महिने. मुदतीत बसत नव्हती. प्रतापरावांनी तक्त्यात त्या नावापुढं फुली मारली आणि त्या संध्याकाळी जेवण कमी घेतलं.

तिसरा नमुना नामपल्लीच्या प्रदर्शनातला. जानेवारी लागला की सगळं शहर एकदा तरी तिथं जाऊन येतं. भामाबाई लोणच्याची बरणी घ्यायला गेल्या होत्या, प्रतापराव बरणी धरायला. तिथं एका दुकानात फुटावर विकलं जाणारं हिरवं प्लॅस्टिकचं गवत दिसलं, लग्नाच्या स्टेजवर अंथरतात ते. दुकानदार म्हणाला, आहिस्ता चलो साब, इस पे दुल्हे भी फिसलते. प्रतापरावांनी तीन फूट घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गच्चीवर अंथरून त्यांनी जोरदार फटका मारला. चेंडू होता तिथंच राहिला. चटई सुळकन पुढे जाऊन तुळशीच्या कुंडीला धडकली, आणि तिच्यावर उभे असलेले प्रतापराव खाली बसले. शिल्पा हसत हसत कठड्याला टेकली. भामाबाईंनी आधी तुळस पाहिली, मग नवरा.

तक्ता पुरा झाला. तीन नावं, चार रकाने, आणि अटी आणि मुदत दोन्हींत बसणारं एकही नाही. अशा वेळी कारखान्यात काय करत, असं भामाबाईंनी विचारलं. नव्यानं निविदा काढत, प्रतापराव म्हणाले. त्याला किती वेळ लागे? चार महिने. रविवार तीन आठवड्यांवर आला होता.

तरीही ते रोज सकाळी काथ्यावर उभे राहून मनगट सांभाळत फटके मारत. एकदा चेंडू खरंच उडाला आणि सतरंजीच्या बरोबर मध्ये लागला. ते धावत स्वयंपाकघरात आले.

"लागला. आता घ्या चहा."

"कशाला लागला?"

"सतरंजीला."

"कर्नलसाहेबांना काय सांगितलं होतं, सतरंजीशी खेळतो म्हणून?" भामाबाईंनी गरम पाण्यात आलं ठेचून घातलं आणि त्या ते प्याल्या. तोंड मात्र चहा प्यायल्यासारखं झालं नाही.

उत्तर शेवटी खालून आलं. घरमालकीण अंजम्मा एक दिवस जिना चढून वर आल्या. रोज सकाळी एवढं काय कुटता, असं त्यांनी विचारलं, "एमी दंचुतुन्नारु?" मसाला म्हणून सांगता आलं असतं, पण एका घराला एक खोटं पुरे झालं होतं. भामाबाई म्हणाल्या, आमचे हे खेळतात. अंजम्मांनी प्रतापरावांकडे नीट पाहिलं, निवृत्तीचं कानावर होतंच, आणि आवाज मऊ केला. खेळू द्या, त्या म्हणाल्या, पण मिरची कुटताना उखळीखाली घालता तसं खाली पोतं तरी घाला.

भामाबाईंचं ठेचणं, कुटणं सगळं जन्मभर दुमडलेल्या पोत्यावर चाललेलं. इतके दिवस हे आपल्याला सुचलं कसं नाही, याचा त्यांना रागच आला. मग वाटलं, चहा नाही ना डोक्याला. त्यांनी तांदळाचं रिकामं पोतं काढलं. कोपऱ्यावरच्या सुताराकडून लाकडाचा भुसा आणला, पोत्यात भरला, गादीला घालतात तसे दाभणानं टाके घातले म्हणजे भुसा एकीकडे जमायला नको. त्यावर काथ्याची चटई चारी बाजूंनी शिवली. प्रदर्शनातलं हिरवं गवत पायाखाली घसरतं, म्हणून त्याचा वीतभर तुकडा फक्त चेंडूपुरता मध्ये लावला. दोन दुपारी पोथी उशिरा सुरू झाली. देवाला त्यांनी सांगून ठेवलं की हेही तुझ्याच कामाचं आहे.

प्रतापराव भोवती फिरत होते. पोत्याचं कोटेशन घेतलेलं नाही, ही त्यांची मुख्य अडचण होती.

"एकच दुकान आहे," भामाबाई दाभण ओढत म्हणाल्या. "पटलं तर घ्या."

पहिल्या फटक्याला टक् असा कोरडा, स्वच्छ आवाज आला. सतरंजी फुगली. मनगट जागच्या जागी राहिलं, खाली अंजम्मा गप्प राहिल्या. प्रतापरावांनी चटईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि खिशातून तक्ता काढून त्यात चौथी ओळ आखली. उरलेल्या पंधरवड्यात रोज सकाळी टक् टक् होत राहिलं आणि त्यांची मान दिवसादिवसाला ताठ होत गेली. शंभरातले नव्वद चेंडू सतरंजीला लागत होते. रविवारी आपण खेळलो की खोटं खरं झालं, कबूल करायचं काही उरलंच नाही, असं ते म्हणू लागले. भामाबाईंना हिशेब बरोबर वाटत होता आणि तरी मनाला पटत नव्हता. सहा आठवड्यांपूर्वी बोललेलं आज खरं झालं, म्हणून ते त्या दिवशी खरं होतं का? पण चहाची त्यांनाही फार आठवण येत होती, म्हणून त्यांनी तो प्रश्न फार ताणला नाही.

रविवारी सकाळी सातला तिघं सैनिकपुरीत कर्नलसाहेबांच्या घरी पोचली. मैदानावर जायच्या आधी थोडं बसायचं होतं. रितेश शिल्पाला बाग दाखवायला घेऊन गेला, बाग दहा पावलांची होती. वंदनाताई ट्रे घेऊन आल्या. चार पेले, आल्याचा वास, वर साय.

भामाबाईंनी सहा आठवडे सगळ्याचा विचार केला होता, याचा केला नव्हता.

"घ्या, भामाताई."

"मला नको," भामाबाई म्हणाल्या.

वंदनाताईंचा हात थबकला. होणाऱ्या विहिणीच्या घरचा पहिला चहा, आणि नको. "उपास आहे का? पण उपासाला चहा चालतो की."

"उपास नाही."

"दूध देऊ? कॉफी करू?" मग त्यांचा आवाज उतरला. "की आमच्याकडे काही चुकलं?"

भामाबाईंनी मान हलवली आणि मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. डॉक्टरांनी सांगितलंय, एवढं म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. तेच नेमकं म्हणता येत नव्हतं. पेला घेतला तर खंडोबापुढचा शब्द जात होता, कारण सांगितलं तर नवऱ्याची अब्रू, आणि गप्प राहिलं तर शिल्पाचं स्थळ. बागेतून शिल्पाचं हसणं ऐकू येत होतं. कर्नलसाहेबांनी पेला खाली ठेवला.

प्रतापराव उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते काही तुलना न करता बोलले.

"तिनं चहा माझ्यामुळं सोडलाय. त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. मी गोल्फ खेळत नव्हतो, ती काठी आम्ही जळमटं काढायला वापरत होतो. त्यानंतर रोज गच्चीवर सराव केला, म्हणजे ते खरं होईल म्हणून. पण त्या दिवशी ते खोटंच होतं. यात शिल्पाचा काही दोष नाही. राग धरायचा तर माझ्यावर धरा."

ते उभेच राहिले. कर्नलसाहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"काठीच्या टोकाला सुतळी होती," ते म्हणाले. "कापड बांधायची. आणि तिच्यात जळमट अडकलं होतं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" वंदनाताई त्यांच्याकडे वळल्या. "मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर ते परत हो म्हणाले असते. म्हणून मैदानावर बोलावलं. पहिला चेंडू मारायच्या आधी सांगतात की मारल्यावर, ते बघायचं होतं." त्यांनी प्रतापरावांना बसायची खूण केली. "आधी सांगितलंत. आता बसा, चहा निवतोय. सराव कशावर करत होतात?"

मग सहा आठवड्यांची चटई पहिल्यापासून सांगावी लागली. गौलीगुड्याच्या म्हाताऱ्यानं किसकू म्हणून विचारलं तिथं कर्नलसाहेब पहिल्यांदा हसले, आणि तुळशीच्या कुंडीपाशी पोचेपर्यंत त्यांना ठसका लागला. वंदनाताईंनी भामाबाईंचा पेला उचलून थर्मासमध्ये ओतला. आता कबूल झालंय, घ्या ना, असं त्या म्हणाल्या होत्या; पण भामाबाईंनी आता नेम सोडायचाच तर तो दोन्ही बाजूंनी पुरा करून सोडावा असं ठरवलं होतं. कबुली झाली, खेळही होऊन जाऊ दे.

छावणीच्या मैदानावर दव होतं. दोघी विहिणी कडेच्या बाकावर बसल्या, मध्ये थर्मास. प्रतापरावांनी खराटा धरल्यासारखी काठी धरली, मग पुस्तकातल्यासारखी धरली, आणि फटका मारला. टक् झालं नाही. काठी चेंडूच्या चार बोटं मागे जमिनीत घुसली, हाताएवढं ढेकूळ गवतासकट उडून पुढे गेलं आणि चेंडू त्याच्यामागून दोन पावलं घरंगळला. दुसऱ्यांदाही तसंच झालं.

"असंच होतं," कर्नलसाहेब शांतपणे म्हणाले. "काठी मागे पडली तरी चटईवरून ती घसरून चेंडूपर्यंत पोचते. तुम्हाला वाटतं छान लागला. चटई माणसाला फार सांभाळून घेते. माती घेत नाही."

बाकावर भामाबाईंनी पदर सारखा केला. चटई त्यांनीच शिवली होती.

प्रतापराव मात्र काठी टाकून पुढे गेले होते. त्यांनी उडालेली दोन्ही ढेकळं उचलली, वाकून होती त्या जागी गवताची दिशा बघून बसवली, आणि टाचेनं हळूच दाबली. मग बोटानं कड चाचपली. उदगीरच्या रानात रोप हललं तर थोरला भाऊ करायला लावायचा तसं. कर्नलसाहेब बघत होते.

"हे कोणी शिकवलं?"

"यात शिकवायचं काय? उपटलं गेलं, परत ठेवलं."

"इथे वीस वीस वर्षं खेळणारे लोक करत नाहीत. आम्हाला पाट्या लावाव्या लागतात." कर्नलसाहेबांनी दुसरा चेंडू खाली टाकला. "मारा."

तिसरा फटका बरा लागला. चेंडू फार उंच गेला नाही, पण गेला, आणि झाडांच्या अलीकडे पडला. त्यानंतर प्रतापराव दीड तास चालत होते आणि वाकत होते. त्यांनी त्या दिवशी मैदान जेवढं खणलं तेवढं परत लावलं. परत आले तेव्हा घामानं शर्ट पाठीला चिकटला होता आणि चेहरा दसऱ्याआधीचा झाला होता.

भामाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही, कर्नलसाहेबांना विचारलं.

"खेळले का?"

कर्नलसाहेबांनी प्रश्न हलका घेतला नाही. "वाईट खेळले," ते म्हणाले. "पण खेळले."

भामाबाईंनी थर्मासचं झाकण उलटं करून त्यात चहा ओतला. तो कोमट झाला होता, साय विरघळून गेली होती, आलं जास्त उतरून तिखट लागत होतं. डोळे मिटून, खंडोबाचं नाव घेऊन त्यांनी पहिला घोट घेतला आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत. प्रतापराव अवघडून बाजूला उभे होते. दुसरा घोट झाल्यावर भामाबाईंनी झाकण त्यांच्यापुढं केलं.

लग्नाची तारीख तिथंच बाकावर ठरली. उठता उठता कर्नलसाहेबांनी तसली एक चटई आपल्यालाही हवी म्हणून सांगितलं. पावसाळ्यात मैदान बंद असतं आणि ते घरातल्या पायपुसण्यांवर फटके मारतात, म्हणून वंदनाताई रागावतात. चटई फसवते ना, असं प्रतापरावांनी विचारलं. फसवू दे, कर्नलसाहेब म्हणाले, सकाळी सकाळी घरात कोणीतरी माझं कौतुक करायला हवं.

रिक्षात प्रतापरावांनी खिशातून कागद काढला. विहीणबाईंच्या घरी द्यायची वस्तू, काथ्या उत्तम हवा, निदान तीन ठिकाणी बघायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. भामाबाईंनी कागद घेतला, घडी केली आणि पर्समध्ये टाकला. म्हातारा दुकानदार ओळखीचा झाला होता, चटई चांगली होती. सोमवारी पूजा आणि पहाटेचा चहा आटोपला की त्यांना गौलीगुड्याला जायचं होतं, काथ्याची एक चटई आणायला.